चिंधी नसलेला गठ्ठा

६ मार्च

शहाण्या नातीस,

तब्येत कशी आहे म्हणून तू विचारशील, तर आधीच सांगते. गुडघे दुखतात, दात चार उरलेत, कान तर कधीचेच गेले. झालं. आता कामाचं बोलू.

पाकिटात चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक कार्ड आहे, नखाएवढं. शिंकलीस तर उडून जाईल, तेव्हा तोंड मिटून उघड. तुझ्या मावशीच्या उशीच्या अभ्र्यात सापडलं. तिच्या त्या आवाज भरून ठेवायच्या छोट्या यंत्रातलं आहे. यंत्र मेलं, कार्ड राहिलं. तुझ्या आईने मोबाइलमध्ये घालून बघितलं आणि म्हणाली, "शून्य मिनिटं दाखवतंय, काही नाही त्यात, टाकून दे." तुझ्या आईला टाकून द्यायची फार घाई. मी अजून घरात आहे ते नवलच.

माझी धाकटी, तुझी मावशी, जाऊन चौदा महिने झाले. शेवटी दवाखान्यात ते यंत्र सारखं तिच्या उशाशी असायचं. मी आत आले की ती भिंतीकडे तोंड करायची आणि यंत्र तोंडापाशी घ्यायची. काय बोलायची ते मला बहिरीला कसं कळणार? पण कुणासाठी तरी बोलत होतीच ना.

तिचा हात हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्रीच्या गरम रुळात गेला, चार बोटं गेली, हे तुला माहीत आहे. रुळापुढची, हात अडवणारी जाळी काढून काम करत होती. मी त्या खात्याची मुकादम. चौकशीत जे सांगायचं ते सांगितलं. तेव्हापासून अकरा वर्षं एका घरात राहिलो, एका भांड्यातलं जेवलो, पण तिने माझ्याशी शब्द काढला नाही. तुझी आई तिला म्हणायची, "स्वतःच्या हाताने हात घालवलास, आता आईवर कशाला राग?" ती ताट घेऊन उठायची.

तू आवाजांच्या संग्रहात कामाला आहेस, मोडकी रेकॉर्डिंगं दुरुस्त करतेस, असं तुझी आई लोकांना सांगत फिरते. तर हे दुरुस्त कर. शब्द न् शब्द लिहून पाठव. खोकली असेल तर 'खोकली' असं लिही. फोन करू नकोस. फोन तुझी आई घेते आणि मला त्यातलं अर्धंच सांगते.

मी चौथीतून शाळा सोडली, पण तीस वर्षं गठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहिल्या. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे. तू जरा मोठं काढ.

आजी

१५ मार्च

प्रिय आजी,

अक्षर मोठं काढते आहे. शिंकले नाही.

कार्ड वाचायचा प्रयत्न केला. काय झालं ते तुला कळेल असं सांगते. आवाजाची फाइल आतून सलग नसते. तुमच्या लाँड्रीतल्यासारखे एकामागे एक गठ्ठे असतात. प्रत्येक गठ्ठ्यावर आधी चार अक्षरी नाव, मग आत किती माल आहे त्याचा आकडा, मग तो माल. हे वाचायला मी एक लायब्ररी वापरते. पुस्तकांची नव्हे. कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, त्यालाही लायब्ररीच म्हणतात. ती नाव वाचते, आकडा वाचते, तेवढा माल उचलते आणि पुढच्या गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर जाते.

पहिला गठ्ठा नीट उघडला. त्यात सदतीस अक्षरं आहेत: यंत्राचं नाव, त्याचा नंबर आणि तारीख. तारीख साडेबारा वर्षांपूर्वीची, १६ सप्टेंबर. पण असल्या यंत्रांची घड्याळं कुणी लावत नाही, त्यामुळे तिच्यावर जाऊ नकोस. दुसऱ्या गठ्ठ्याशी सगळं बिघडतं. नाव मधूनच सुरू झाल्यासारखं दिसतं आणि आकडा असा येतो की तेवढा माल शंभर कार्डांत मावणार नाही. लायब्ररी तिथे हात टेकते. म्हणूनच आईच्या मोबाइलला शून्य मिनिटं दिसली.

आजी, मला वाटतं, त्यात खरंच काही उरलेलं नाही. मावशी गेली. तिने काय म्हटलं असेल ते आपण आपल्या मनात चांगलं धरू या.

तुझी नात

२१ मार्च

शहाणे,

मनात चांगलं धरायला मी काही देवळातली घंटा वाजवणारी नाही. मला काय म्हटलं ते हवं आहे.

सदतीस म्हणालीस ना? एवढं शिकून तुला तो आकडा खुपला नाही? विषम आहे.

नीट ऐक. आमच्याकडे मोजणारी बाई चादरी दोन-दोन करून उचलायची. गठ्ठ्यात सदतीस चादरी असल्या तर शेवटी एक चिंधी ठेवायची, जोडी पुरी करायला. चिठ्ठीवर सदतीसच लिहायचं, चिंधी मोजायची नाही. मोजणारीला ठाऊक असायचं, आकडा विषम म्हणजे शेवटी चिंधी, ती बाजूला टाकायची. आता एखाद्या आळशी बाईने चिंधी घातलीच नाही, तर काय व्हायचं? मोजणारी सवयीने हात घालायची आणि चिंधी समजून पुढच्या गठ्ठ्याची चिठ्ठीच उचलून टाकायची. मग पुढे सगळी बोंब. हाडांच्या वॉर्डाच्या चादरी बाळंतिणींना आणि बाळंतिणींची दुपटी पाय मोडलेल्यांना. एकदा एका पहिलवानाला झबलं गेलं होतं.

तेव्हा तुझ्या त्या लायब्ररीला विचार, बाई, तू चिंधी धरून चालतेस का? आणि यंत्राला विचार, तू घातली होतीस का?

मला वाटतं तू नीट बघितलंच नाहीस. तुझी आई फोनवर दार लावून बोलत होती. माझे कान गेलेत, डोळे नाहीत.

आजी

२ एप्रिल

प्रिय आजी,

तू जिंकलीस. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, कुणाला खरं वाटत नाही.

अगदी तेच होतं. नियम असा आहे की माल विषम असेल तर शेवटी एक रिकामं अक्षर भरतीला घालायचं आणि ते मोजायचं नाही. लायब्ररी ते गृहीत धरते. मावशीच्या यंत्राने ते घातलंच नव्हतं, त्यामुळे लायब्ररी पुढच्या नावाचं पहिलं अक्षर खाऊन टाकत होती. 'भरती आहे असं धरू नकोस' एवढंच तिला सांगितलं आणि दुसरा गठ्ठा उघडला. एक ओळ बदलावी लागली. हे मला सुचायला हवं होतं.

आवाज मावशीचाच आहे. बरंच खोकणं आहे, मध्ये मध्ये काही कळत नाही. जे कळलं ते असं:

"आई, अकरा वर्षं तुझ्याशी बोलले नाही ते चुकलं. हात गेला त्यात तुझा दोष नव्हता. मी तुला कधीच माफ केलं आहे. जपून राहा. गुडघ्यांना तेल लावत जा."

एवढंच, आजी. आता शांत झोप.

तुझी नात

८ एप्रिल

बये,

तेल लाव म्हणे गुडघ्यांना! साडेबारा वर्षांपूर्वी मी जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे. माझे गुडघे तेव्हा तुझ्यापेक्षा धड होते.

तू तारीख लिहिलीस तेव्हाच मी ओळखली. यंत्राचं घड्याळ बरोबर होतं. बारा सप्टेंबरला हात गेला. सतराला चौकशीचे साहेब दवाखान्यात येणार होते. सोळाला ती एकटी खाटेवर होती. चार दिवसांपूर्वी हात गेलेली बाई अकरा वर्षांच्या अबोल्याची माफी मागते! काय ग, तुझी मावशी ज्योतिषी होती का?

आणि 'आई'? लाँड्रीत लागल्यापासून तिने मला आई म्हटलं नाही. तिथे सगळ्या बायका मुकादमबाई म्हणायच्या, तीही म्हणायची. मीच बजावलं होतं, इथे नातं नको, बाकीच्या म्हणतील लेकीला हलकं काम देते. ते तोंडात बसलं ते बसलंच. घरी आल्यावरही भाजी वाढताना म्हणायची, "मुकादमबाई, अजून घ्या."

तुझ्या आईने शिकवलं ना हे? म्हातारीला बरं वाटेल असं काहीतरी लिही म्हणून? मला बरं वाटायला माझी लेक वापरू नका. ती माझी होती, तुमची बाहुली नव्हती.

खरं काय आहे ते लिही. न लिहिलंस तर यापुढे मला पत्र टाकू नकोस. ही धमकी नाही, सोय आहे. टपालाचा खर्च वाचेल.

आजी

१९ एप्रिल

आजी,

माझं चुकलं. आईचा फोन पहिल्याच आठवड्यात आला होता. म्हणाली, "काही सापडलं तरी सांगू नकोस, ती दोघींचं नशीब उकरत बसेल." म्हणून मी आधी नीट शोधलंच नाही, आणि सापडल्यावर खोटं लिहिलं. आता आहे तसं लिहिते. बावीस मिनिटांचं आहे.

आधी ट्रॉलीची चाकं. दार. मग मावशी, अगदी जवळून:

"साहेब, जाळी मीच काढली. काम लवकर उरकावं म्हणून काढली. मुकादमबाईंनी मला दोनदा दटावलं होतं. मी ऐकलं नाही."

थांबते. पुन्हा तेच पहिल्यापासून. या वेळी 'दोनदा' म्हणायचं विसरते आणि स्वतःलाच म्हणते, "दोनदा. दोनदा."

तिसऱ्या वेळी असं:

"साहेब, जाळी मुकादमबाईंनी"

इथे गप्प होते. एक मिनिट दहा सेकंद. मी मोजले. कुठेतरी नळ गळतो आहे. एकदा नाक ओढल्याचा आवाज येतो. मग कोरड्या आवाजात पुन्हा, "साहेब, जाळी मीच काढली."

असं नऊ वेळा आहे. नर्स आत येते आणि विचारते, "कुणाशी बोलताय?" मावशी म्हणते, "पाठ करते आहे." आठव्या आणि नवव्या वेळी ती अजिबात चुकत नाही. मग बंद होतं. खोकला कुठेच नाही, तो मी घातला.

शेवटी आजारपणात ती यंत्रात काही बोलली असेल, तर ते या कार्डात नाही. या कार्डात दुसरं रेकॉर्डिंगच नाही. मला वाटतं ती यंत्र तोंडापाशी नाही, कानापाशी धरत असेल. हेच ऐकत असेल.

आजी, जे घडलं ते सांगायला माणूस पाठांतर करत नाही. जाळी कुणी काढली?

तुझी नात

२७ एप्रिल

नातीस,

मी काढली.

ऑपरेशनच्या खोलीच्या चादरींच्या दोन ट्रॉल्या तुंबल्या होत्या आणि वरून माणूस येऊन ओरडून गेला होता. जाळी असली की ओल्या चादरीची कड तिच्यात अडकते, रूळ थांबवावा लागतो, कड सोडवावी लागते. जाळी काढली की चादर सरळ जाते. तासाला चाळीस चादरी जास्त निघतात. मी स्वतः पान्याने जाळी सोडवली आणि खिळ्याला लटकवली. आम्ही गर्दी असली की काढायचोच. ती म्हणाली, "मुकादमबाई, जाळी?" मी म्हटलं, "हात सांभाळ, डोळे आहेत ना?" वीस मिनिटं झाली असतील.

सोळाला सकाळी मी दवाखान्यात गेले. खाटेशी बसले. तिला म्हटलं, "तुझा हात गेला म्हणजे तुझी नोकरी गेलीच. माझी तरी राहू दे, नाहीतर दोघी घरी बसू. साहेबांना सांग की तूच काढलीस." ती चार वाक्यं मीच तिला सांगितली. 'दोनदा दटावलं' यातलं 'दोनदा' माझं. एकदा म्हटलं तर साहेबांना ते पटकन रचल्यासारखं वाटलं असतं, तीनदा म्हटलं तर म्हणतील मुकादम एवढी सांगत होती तर मशीन बंद का नाही केलं? दोनदा बरोबर. मी हुशार आहे, सगळे म्हणतात.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं, मुकादमबाई." माझ्याशी बोललेली ती शेवटची.

तुला वाटलं असेल, म्हातारीला लेकीचा आवाज हवा आहे. आवाजाचं मी काय करू? मला शिवी हवी होती. मला वाटत होतं की मरताना तरी तिने कुठेतरी म्हटलं असेल, या बाईने माझा हात खाल्ला. एकदा म्हटलं असतं तर माझ्या डोक्यावरून उतरलं असतं, किंवा नीट बसलं असतं. आणि निघालं काय? बावीस मिनिटं तोंड तिचं, बोलणं माझं. तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एक अर्धं वाक्य, आणि तेही तिने गिळलं.

तुझ्या आईला काल सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. सांगून झाल्यावर तिने हातातला टॉवेल चार वेळा झटकला. मग माझ्यासमोर आली. ओठ मला वाचता येतात, लाँड्रीत सगळ्याच वाचतात. म्हणाली, "आणि मी तिला अकरा वर्षं काय काय बोलले?"

मी म्हटलं, "मला सगळं आठवतंय. सांगू?"

ती म्हणाली, "नको." मग उरलेले कपडे तसेच ओले बादलीत ठेवून आत गेली.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. कुणी आधी विचारलं असतं तर आधी सांगितलं असतं असं समजू नकोस. नसतं सांगितलं.

आजी

९ जून

नातीस,

सहा आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तुझी आई माझ्याशी कामापुरतं बोलते, म्हणजे आधीपेक्षा फार कमी नाही.

काल लाँड्रीत गेले. नऊ वर्षांनी. फाटकावरच्या माणसाने ओळखलं नाही, त्याला वाटलं नातेवाईक भरती आहे, म्हणाला, "हॉस्पिटल पलीकडे, आजी." मी म्हटलं, "मला चादरी बघायच्या आहेत." त्याने वेडी समजून सोडलं.

ऑफिसात एक गोरटेला कारकून बसतो. त्याला म्हटलं, "तक्रार लिहून घे."

"कुणावर?"

"माझ्यावर."

"तुम्ही कामाला आहात इथे?"

"होते. रिटायर झाले."

"मग आता कशी तक्रार होईल?"

मी सगळं सांगितलं. बाराचं, सोळाचं, सतराचं. तो मुलगा वाईट नव्हता, त्याने पेन हातात धरलं होतं, पण टेकवलं नाही. म्हणाला, "आजी, ती चौकशी बंद झाली. दहा वर्षांपुढचे कागद रद्दीत जातात. ते गेले. आता मी हे कशाला जोडू?" मग विचारलं, "त्या बाई कुठे आहेत?" मी म्हटलं, "मेल्या." तेव्हा त्याने पेनाला टोपण लावलं.

निघाले ते सरळ इस्त्रीच्या खात्यातून निघाले. वास तोच. मशीन नवं आहे, रूळ जाडजूड आहेत, पण जाळी तशीच पिंजऱ्यासारखी. ती मशीनवर नव्हती. भिंतीला खिळा होता, खिळ्याला जाळी होती. रुळापुढे एक पोरगेलीशी बाई चादर सरकवत होती, बोटं रुळापासून इतकी जवळ की मला बघवेना. मी ओरडले. त्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार? मी खिळ्यावरून जाळी काढली, मशीनचं बटण दाबून बंद केलं, आणि तिथल्याच पान्याने जाळी बसवली. हात विसरले नव्हते.

मुकादम धावत आली. तिच्या वयाची असताना मी जशी होते तशी, कमरेला रुमाल, कपाळाला आठ्या. मला शिव्या देईल असं वाटलं, पण कुणीतरी तिला कानात सांगितलं की ही जुनी मुकादमबाई. मग तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी तिला म्हटलं, "ही काढू नकोस." ती हसून म्हणाली, "नाही, नाही, नियमच आहे तो. आज जरा घाई होती एवढंच."

मी पाणी प्यायले आणि उठले. ट्रॉल्या चार उभ्या होत्या, भरलेल्या.

मी फाटकाशी पोचेपर्यंत तिने जाळी काढली असणार. तिच्या जागी मी असते तर मीही काढली असती.

आजी